मांडीवरची गिटार : सूर कुठे लावायचा, तार किती जाड घ्यायची



सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी गिटार वाजवत नाही. नागपूरला बी.एस्सी. केलं, १९८१ ला कमिशन मिळालं, ३४ वर्षं सैन्यात काढली, सगळी सिग्नल्समध्ये, आणि आता महूला स्थायिक झालोय. आमच्या घरात गिटार वाजवते ती माझी पत्नी. मी तारा बदलतो, खुंट्या पिळतो आणि चुकलो की बोलणी खातो. त्यामुळे आजचं बोलणं वादनाबद्दल नाही, तारांबद्दल आहे. मांडीवर आडवी ठेवायची आणि पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून फिरवत वाजवायची अशी जी गिटार असते, तिला आपल्याकडे हवाईयन गिटार म्हणतात, बाहेर लॅप स्टील म्हणतात. ती कोणत्या सुरांत लावायची आणि तिच्यावर किती जाडीच्या तारा चढवायच्या, एवढाच विषय. एवढाच म्हणतो खरा, पण याच विषयात मी घरातली ४३ वर्षांची गिटार मोडून ठेवली होती.

तर आधी त्या गिटारबद्दल. माझे सासरे मूळचे नागपूरचे, रेल्वेत होते, नोकरी कोलकात्याला गार्डन रीचमध्ये. त्या काळात कोलकात्यातल्या मध्यमवर्गीय घरांत मुलीला गाणं शिकवायचे, नाहीतर हवाईयन गिटार. हे वाजवण्याचं तंत्र हवाई बेटांवरचं, १९ व्या शतकाच्या अखेरीचं. ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकु या तरुणाला त्याचं श्रेय देतात. १९४० च्या दशकात हवाईयन संगीताचे कलाकार टाउ मो कुटुंबासह कोलकात्यात राहिले, तिथे वाजवलं, शिकवलं, आणि त्या शहराला या वाद्याचं वेड लागलं ते लागलंच. पुढे सुनील गांगुलींनी वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हॅन शिपली होते. ब्रिजभूषण काब्रांची गिटार तर तुमच्यापैकी अनेकांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या जोडीने ऐकली असेल. आणि विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा, जिच्यामुळे १९९४ साली ग्रॅमी भारतात आलं, तीही याच घराण्यातली म्हणायची.

सासऱ्यांनी १९७६ साली लालबाजारच्या बाजूच्या वाद्यांच्या दुकानातून मुलीसाठी गिटार घेतली. पोकळ लाकडी, साधीच. फक्त तारा उंच उचललेल्या, म्हणजे कांडी पट्ट्यांना लागू नये. आमचं लग्न झाल्यावर ती माझ्याबरोबर देशभर हिंडली. आसामच्या दमट हवेत फुगली, राजस्थानात आक्रसली, पण सुरात राहिली. मेसमधल्या पार्ट्यांत हिला हमखास वाजवायला लावायचे आणि मी कौतुकाने उभा असायचो, जसं काही मीच वाजवतोय.

आता ती लावायची कशी. साधी स्पॅनिश गिटार जाड तारेपासून बारीक तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावतात. कांडी तर सरळ असते, ती बोटांसारखी वेगवेगळ्या ठिकाणी वाकत नाही. म्हणून तारा आधीच एका सुरावलीत लावून ठेवाव्या लागतात, की कांडी आडवी कुठेही ठेवा, एकमेकांशी जुळणारे स्वरच निघतील. कोलकात्यात हिला जे शिकवलं ते ई, ए, ई, ए, सी शार्प, ई. ही इंग्रजी अक्षरं ऐकून घाबरू नका. ए ला षड्ज माना, म्हणजे पेटीवर पांढरी सहा, आणि हेच आपल्या भाषेत म्हणा: प सा प सा ग प. झालं. तंबोरा समजतो त्या माणसाला हे लगेच समजतं.

याचा फायदा असा की पहिली, सगळ्यात बारीक तार पंचमात असते आणि गाणं बहुतेक तिच्यावरच चालतं. दुसरी गंधारात, तिसरी षड्जात. नाट्यगीत, भावगीत वाजवताना पहिल्या तीन तारांवर हात फिरता राहतो आणि खालच्या तीन तारा मागे भरीव आवाज देतात. तोटा असा की मोकळी गंधाराची तार शुद्ध असते. मालकंस वाजवायला घ्या, त्यात पंचमही नाही आणि शुद्ध गंधारही नाही, म्हणजे सहातल्या चार मोकळ्या तारा तुमच्या विरोधात! त्या उजव्या तळहाताने दाबून गप्प ठेवाव्या लागतात.

२०१८ च्या सुमारास हिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी दुखायला लागलं. संधिवात. कांडी अंगठा आणि मधल्या बोटात चिमटीत धरायची असते, ती चिमूट धरता येईना. पकड सैल झाली की कांडी तारेवर नीट बसत नाही, आवाज बारीक होतो, खरखर येते. ही म्हणाली, “अहो, तारा जुन्या झाल्यात बहुतेक, बदलून बघा.” मी माझी अक्कल लावली. कांडीखाली तार वाकते म्हणून खरखर होते; तार जाड असेल, जास्त ताणलेली असेल तर ती वाकणार नाही; म्हणजे हिला जोर लावावा लागणार नाही. विचार अगदीच चुकीचा नव्हता. मी पुढच्या जाडीचा संच आणला आणि त्याच प सा प सा ग प मध्ये लावला. ही दोनदा म्हणाली, “एवढी ताणू नका हो.” तिसऱ्या रात्री बैठकीच्या खोलीतून फाटकन आवाज आला. ब्रिज, म्हणजे आपण जिला घोडी म्हणतो ती, खालच्या लाकडाचा एक ढलपा घेऊन उखडली होती.

ही रागावली नाही. “राहू दे आता,” एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. आठ महिने ती गिटार खोक्यात पडून होती आणि गाण्याचा विषय निघाला की ही स्वयंपाकघरात जायची.

दुरुस्तीला इंदूरला नेली. तिथल्या कारागिराने घोडी हातात घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “साहब, ये गिटार है, तंबू की रस्सी नहीं.” सिग्नल्समध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं, कारण हिशोब मला येत होता आणि मी तो केला नव्हता. घरी येऊन केला. तो तुम्हाला सांगतो.

तारेवरचा ताण तीन गोष्टींवर ठरतो: तारेचं वजन, तिची लांबी आणि सूर. जाडी दुप्पट केली तर ताण चौपट लागतो. लांबी दुप्पट केली तर चौपट. कंपनसंख्या दुप्पट, म्हणजे एक सप्तक वर गेलात, तरी चौपट. व्यवहारात लक्षात ठेवायचं ते हे, की सूर एक पट्टी, म्हणजे अर्धा स्वर, चढवला की ताण सुमारे १२ टक्के वाढतो आणि दोन पट्ट्या चढवला की २६ टक्के.

तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. गिटारच्या दुकानात ‘ट्वेल्व्हचा सेट’ म्हणतात तेव्हा पहिली तार ०.०१२ इंच असते. सतारीवाल्यांच्या भाषेत हीच तीन नंबरची तार. असा ०.०१२ ते ०.०५३ चा संच साडेपंचवीस इंच लांबीच्या गिटारवर साध्या स्पॅनिश सुरांत लावला तर सहा तारा मिळून घोडीला सुमारे ७४ किलोने ओढतात. तोच संच हिच्या प सा प सा ग प मध्ये लावला तर तीन तारा दोन-दोन पट्ट्या वर जातात आणि ओढ ८४ किलो होते. मी जो ०.०१३ ते ०.०५६ चा संच चढवला होता, त्याची ओढ त्या सुरांत ९५ किलोच्या वर जाते. जवळजवळ एक क्विंटल. तीन मिलिमीटर जाडीच्या लाकडावर, सरसाने चिकटवलेल्या, ४३ वर्षं वेगवेगळ्या हवा खाल्लेल्या घोडीवर. ती तीन दिवस टिकली हेच नवल.

एक गैरसमज जाता जाता दूर करतो, कारण दुकानदारसुद्धा हे चुकीचं सांगतात. ‘वरचा सूर लावायचाय तर जाड तार घ्या, तुटणार नाही.’ तसं नसतं. जाड तार जास्त ताण सहन करते हे खरं, पण त्याच सुराला पोचायला तिला तेवढाच जास्त ताण लागतो. म्हणजे साधी पोलादी तार कोणत्या सुराला तुटेल हे जवळपास तिच्या लांबीवरच ठरतं. जाड तारेने तार वाचत नाही, घोडी मात्र जाते.

मग काय करायचं? मला उत्तर हवाईमध्ये सापडलं. तिथे कांडीच्या आधीपासून गिटार वाजवायची एक पद्धत आहे, की होआलू. अर्थच मुळी तार सैल करणं. त्यांनी साधी गिटार घेतली, काही तारा उतरवल्या आणि मोकळ्या तारांतून सुरावट काढली. त्यातली सगळ्यात प्रचलित लावणी डी, जी, डी, जी, बी, डी. साध्या गिटारवरून इथे यायला एकही तार चढवावी लागत नाही; तीन तारा दोन-दोन पट्ट्या उतरतात, बाकी तीन जागच्या जागी. आणि जी ला षड्ज मानून म्हणून बघा: प सा प सा ग प. म्हणजे हिचीच लावणी, फक्त पांढरी सहाऐवजी पांढरी पाचवर! हाताची सवय, पट्ट्यांची जागा, सगळं तेच. ओढ मात्र त्याच ०.०१२ च्या संचाला ८४ वरून ६७ किलोवर येते. या लावणीला इंग्रजीत ‘टॅरो पॅच’ म्हणतात. टॅरो म्हणजे आपलं अळू. अळूचा वाफा. हे ऐकल्यावर ही आठ महिन्यांत पहिल्यांदा गिटारच्या विषयावर हसली. “अळूचं फदफदं करायला निघालात की काय गिटारचं?”

पण सैल तारेचा जुना प्रश्न होताच. पहिली तार ०.०१२ ची, डी ला लावली की जेमतेम साडेआठ किलोवर येते. कांडीखाली ती दबते, आणि दबली की सूर चढतो. इथे मात्र जाडी वाढवणं योग्य. पण सगळ्या तारांची नाही, फक्त पहिल्या दोन. पहिली ०.०१४, दुसरी ०.०१७, बाकी चार त्याच जुन्या संचातल्या. बेरीज ७१ किलो. साध्या स्पॅनिश गिटारपेक्षाही कमी आणि गाणं ज्या तारांवर चालतं त्या मात्र टणक. संच पाकिटातून निघाला तसाच चढवला पाहिजे असा कुठे नियम नाही. सुट्ट्या तारा मिळतात, त्या घ्या.

दुसरी गोष्ट कांडीची, आणि ती मला कारागिराने नाही, हिनेच शिकवली. हिची जुनी कांडी गोल होती, पकडायला काहीच नाही, म्हणून चिमूट आवळावी लागायची. बाजूंना खाच असलेली कांडी मिळते, थोडी वजनदार. खाचेत बोटं बसतात, अंगठा फक्त टेकतो, आणि दाबायचं काम कांडीचं वजनच करतं. माझा सगळा तर्क तारेवर चालला होता आणि दुखत होता अंगठा.

घोडी बसली, तारा चढल्या. हिने पहिला सूर लावला आणि लगेच म्हणाली, “खाली का लावलीत?” चाळीस वर्षं कानात पांढरी सहा बसलेली, ती पांढरी पाच कशी चालवून घेणार! दोन दिवस कुरबूर चालली. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून आलो तर आतून नाट्यगीत ऐकू येत होतं. मी बाहेरच पिशवी घेऊन उभा राहिलो. आत गेलो असतो तर थांबली असती.

२०२१ मध्ये आम्ही खरीखुरी इलेक्ट्रिक लॅप स्टील घेतली. भरीव लाकडाची, साडेबावीस इंच लांबीची. इथे हिशोब उलटा फिरतो. तीन इंच लांबी कमी झाली की तोच सूर, तीच तार, पण ताण २२ टक्के कमी. म्हणून लॅप स्टीलच्या तारा जाड असतात. दुकानात साध्या इलेक्ट्रिक गिटारचा ०.००९ चा संच देतील, तो घेऊ नका, कांडीखाली तो रबरासारखा लवतो. आम्ही या गिटारवर हिची पांढरी सहा परत आणली. तारा अशा: ०.०१४, ०.०१७, ०.०२०, मग गुंडाळलेल्या ०.०३०, ०.०४४, ०.०५६. प्रत्येक तारेवर नऊ ते बारा किलोच्या आतबाहेर ताण येतो, एकूण ६४ किलो. सहाही तारांवर ताण साधारण सारखा असला की कांडी एका बाजूला कलत नाही, हे हिचं निरीक्षण आणि ते बरोबर आहे. तिसरी तार मी मुद्दाम साधी घेतली, गुंडाळलेली नाही, कारण गुंडाळलेल्या तारेवरून कांडी सरकताना सरसर आवाज येतो आणि मींड खराब होते. आणि ब्रॉन्झच्या तारा इथे चालत नाहीत. त्यांचं वेष्टन चुंबकाला दाद देत नाही, खालच्या तारा मुक्या वाटतात. निकेलच्या घ्या.

आमच्या मुलाला पाश्चात्त्य गाणी वाजवायची होती. त्याच्यासाठी सी-सिक्स्थ लावून पाहिली: सी, ई, जी, ए, सी, ई. सी ला षड्ज मानलं तर सा ग प ध सा ग. यात गंमत अशी, की सा ग प मध्ये मेजर सुरावट आहे आणि ध सा ग मध्ये मायनर, दोन्ही एकाच कांडीखाली. हवाईयन आणि अमेरिकन वादक, जेरी बर्ड वगैरे, यावर का भाळले ते कळतं. पहिल्या तीन तारा आधीच्याच राहतात, फक्त दुसरी एक पट्टी उतरते. खालच्या तीन मात्र बदलाव्याच लागतात: ०.०२४, ०.०३०, ०.०३६. त्या न बदलता ०.०५६ ची तार ई वरून वरच्या सी ला ओढायला गेलात तर ताण अडीचपट होतो. त्याने ते करून पाहायच्या आत मी त्याच्या हातातून खुंटी काढून घेतली. हिला सी-सिक्स्थ आवडली नाही. “धैवत मध्येच काय करतोय?” म्हणाली. ज्याला एका तारेवर गाणं म्हणायचंय त्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझंही मत झालंय.

आता शेवटचं, लावताना कानाचं. माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आहे, सुई मध्यावर आली की मी समाधानी. सहाही तारा बिनचूक लावून मी गिटार हिच्या मांडीवर ठेवतो आणि ही दर वेळी दुसरी तार जराशी उतरवते. मी बरेच दिवस वाद घातला. यंत्र खोटं कसं बोलेल? मग तंबोरा छेडून पाहिला. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप जो गंधार ऐकू येतो, आपण ज्याला स्वयंभू गंधार म्हणतो, तो ट्यूनरच्या गंधारापेक्षा खाली असतो. अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर १४ भागांनी. ट्यूनर पेटीसारखा १२ समान पट्ट्यांचा हिशोब करतो. पेटीवर चालून जातं, पण सहा मोकळ्या तारा एकदम वाजतात तेव्हा तो चढा गंधार टोचतो. पंचमाचा फरक दोनच भागांचा, तो सोडून द्या. तेव्हा तुम्ही ट्यूनरवर लावणार असाल तर गंधाराची तार सुईच्या मध्यावर नका आणू, १४ भाग अलीकडे थांबा.

मी आता ट्यूनरवर तसंच थांबतो. तरी ही तार तपासतेच, आणि कधीकधी आणखी केसभर उतरवते.